दोषी कोण? : एका छोट्या संघटनेचे एक वर्ष

1984 म्हटले की महाराष्ट्रातल्या मुसलमानांना आधी भिवंडी आठवते. त्या वर्षीच्या मे महिन्यात भिवंडी, ठाणे आणि मुंबईत दंगल पेटली, दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर साधारण पाच महिन्यांनी दिल्लीत जे घडले ते आपल्याकडे वर्तमानपत्रांतून आले आणि वर्तमानपत्रांबरोबरच रद्दीत गेले. 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी हत्या केली. पुढच्या तीन-चार दिवसांत राजधानीत शिखांची कत्तल झाली. सरकारने नंतर मान्य केलेला आकडा 2,733 आहे, तोही फक्त दिल्लीचा.

या लेखात मला त्या कत्तलीपेक्षा तिच्या नोंदीविषयी लिहायचे आहे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स, म्हणजे पीयूडीआर, या दिल्लीतल्या छोट्या संघटनेने नोव्हेंबर 1984 ते 1985 च्या अखेरीपर्यंत काय केले, तिला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचा हा हिशेब आहे. संघटना शिखांची नव्हती, मुसलमानांचीही नव्हती. तरी या एका वर्षाचा आपल्याशी, म्हणजे 1992-93 ची मुंबई पाहिलेल्यांशी, जवळचा संबंध आहे.

संघटना कुठून आली?

आणीबाणी चालू असताना, ऑक्टोबर 1976 मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्कांसाठी एक देशव्यापी संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत व्ही. एम. तारकुंडे आघाडीवर होते. हे आपल्या सासवडचे. मुंबई उच्च न्यायालयात 1957 ते 1969 न्यायाधीश होते, नंतर दिल्लीत जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. आणीबाणी उठली, जनता सरकार आले, आणि आता हक्कांना धोका नाही असे वाटून बरीच मंडळी घरी बसली. 1980 च्या सुमारास संघटनेची पुन्हा बांधणी झाली. एक शाखा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल, या नावाने देशभर राहिली. दिल्लीतल्या काहींनी 1981 मध्ये पीयूडीआर नावाने वेगळे काम सुरू केले.

वेगळे होण्यामागे एक विचार होता. भाषण, सभा, अटक यांपुरतेच नागरी हक्क नसतात. मजुराला मिळणारी मजुरी हाही हक्काचाच प्रश्न आहे. हा विचार कागदावर राहिला नाही. 1982 च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेले उभी राहत होती. परराज्यांतून आणलेले हजारो मजूर तिथे राबत होते. किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे. त्यातला एक रुपया जमादार कापून घेई. तीन समाजशास्त्रज्ञांनी बांधकामांवर फिरून पाहणी केली आणि पीयूडीआरने ती पत्रासोबत न्यायमूर्ती भगवती यांना पाठवली. त्या पत्राचीच याचिका झाली. सप्टेंबर 1982 मध्ये भगवती आणि बहारुल इस्लाम यांच्या पीठाने निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या 23 व्या कलमाने बंदी घातलेली वेठबिगारीच आहे. आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल शिकवला जातो.

हे सांगायचे कारण म्हणजे 1984 मध्ये जे कामी आले ते हातावर आधीच बसलेले होते. जागेवर जायचे. मोजायचे. ज्याच्यावर बेतले आहे त्याच्याच तोंडून ऐकायचे. ऐकलेले दुसऱ्याशी ताडून पाहायचे. लहानशी पुस्तिका काढायची, ती स्वस्तात विकायची, त्या पैशांतून पुढची छापायची. सरकारी अनुदान नाही, परदेशी देणगी नाही. काम करणारे प्राध्यापक, वकील, पत्रकार, विद्यार्थी. पगारी कोणी नाही.

दहा दिवस

1 नोव्हेंबरच्या सकाळी दिल्लीवर धूर दिसू लागला. त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी, पालम. यांतल्या बऱ्याच वस्त्या आणीबाणीच्या काळात शहराच्या मधल्या झोपडपट्ट्या उठवून कडेला वसवलेल्या होत्या. तिथले शीख कोणी व्यापारी-सरदार नव्हते. बाज विणणारे, सुतार, रिक्षावाले, हमाल. त्रिलोकपुरीच्या 32 नंबरच्या ब्लॉकमध्ये अरुंद गल्ल्यांत शेकडो पुरुष मारले गेले. 2 नोव्हेंबरला इंडियन एक्स्प्रेसचे बातमीदार तिथे पोहोचले तेव्हा प्रेतांवर पाय न देता चालणे अवघड होते.

पीयूडीआर आणि पीयूसीएल यांनी मिळून पथके केली. 1 ते 10 नोव्हेंबर ही पथके शहरात फिरली. छावण्यांतल्या विधवा, त्यांचे हिंदू आणि मुसलमान शेजारी, पोलीस अधिकारी, लष्कराचे लोक, राजकीय पुढारी, सर्वांशी बोलली. नोव्हेंबर संपण्याआधी तीसेक पानांची इंग्रजी पुस्तिका निघाली : 'हू आर द गिल्टी?', म्हणजे 'दोषी कोण?'. पीयूडीआरचे अध्यक्ष, वकील गोविंद मुखोटी आणि पीयूसीएलचे अध्यक्ष, राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. पुढे तिच्या आवृत्त्या निघाल्या, भाषांतरेही झाली.

पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे. हा लोकांच्या दुःखाचा उत्स्फूर्त उद्रेक नव्हता. तो घडवून आणलेला होता. सत्ताधारी काँग्रेसच्या स्थानिक पुढाऱ्यांनी जमाव आणले, प्रशासनाने डोळे मिटले. जमावाकडे शिखांच्या घरांची माहिती होती, रॉकेल होते, वाहने होती. आधी अफवा सोडल्या गेल्या. शिखांनी मिठाई वाटली, पंजाबातून हिंदूंच्या प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्या, पाण्यात विष कालवले. पोलिसांच्या वागण्याचे पुस्तिकेने तीन प्रकार नोंदवले : पोलीस जागेवर नव्हतेच, होते तिथे बघत उभे राहिले, आणि काही ठिकाणी स्वतःच सामील झाले. लष्कर बोलावले गेले तेही उशिरा आणि अर्धवट. शेवटी परिशिष्टात नावे होती. खासदार, नगरपातळीवरचे पुढारी, कार्यकर्ते, पोलीस अधिकारी, मिळून दोनशेहून अधिक. त्या यादीवर लिहिले होते की ही नावे त्या त्या वस्तीतल्या रहिवाशांनी पथकाला सांगितली आहेत.

हे काम बाहेरून सोपे दिसते. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावात दंगलीनंतर गेलेल्या पाच जणांच्या सत्यशोधन पथकात मी होतो. चहा मिळाला, जळालेली दुकाने दाखवली गेली, नुकसानीचे आकडे तोंडपाठ होते. कोण होते, असे विचारले की घर गप्प होई. मग वहीकडे बोट दाखवून एखादी बाई म्हणे, "भाईजान, बोलते, पर नाम मत लिखो." नवरा गेला, दुकान गेले, पण राहायचे त्याच गल्लीत आहे. नाव सांगणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, लिहिणाऱ्याच्याही येतो. म्हणून बहुतेक अहवालांत 'अज्ञात जमाव' हा एकच आरोपी असतो. पोलिसांच्या पंचनाम्यातही तोच असतो. 1984 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या छावण्यांमधल्या बायकांनी नावे सांगितली आणि काही माणसांनी ती छापली, ही गोष्ट किती मोठी होती हे मला त्या गावात कळले.

शहादत हा शब्द आपण बलिदानासाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ साक्ष असा आहे. त्या छावण्यांमधले काम या मूळ अर्थाचे होते.

हिवाळा : निवडणूक आणि न्यायालय

19 नोव्हेंबरला, इंदिराजींच्या जन्मदिवशी, नवे पंतप्रधान राजीव गांधी बोट क्लबवरच्या सभेत म्हणाले की मोठे झाड कोसळले की भोवतालची जमीन थोडी हादरतेच. डिसेंबरात लोकसभेच्या निवडणुका झाल्या. काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. एवढे बहुमत नेहरूंनाही कधी मिळाले नव्हते. पुस्तिकेच्या यादीतली काही नावे निवडून आली. पूर्व दिल्लीचे एच. के. एल. भगत मंत्री झाले. ललित माकन दक्षिण दिल्लीतून खासदार झाले.

संघटनेने दुसरा रस्ता धरला तो न्यायालयाचा. पीडितांच्या शपथपत्रांत ज्यांची नावे आहेत त्यांच्यावर गुन्हे नोंदवा, अशी याचिका पीयूडीआरने दिल्ली उच्च न्यायालयात केली. ती आली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्यापुढे. त्यांनी पोलिसांना नोटीस काढली. पुढच्या तारखेला प्रकरण त्यांच्याकडून काढून दुसऱ्या पीठाकडे गेले. तिथे राष्ट्रहितासाठी याचिका मागे घ्या, असे सुचवले गेले. संघटनेने नकार दिला आणि याचिका फेटाळली गेली.

सच्चर हे नाव वाचताच माझ्या बहुतेक वाचकांना 2006 चा अहवाल आठवेल. मुसलमानांची शाळा, नोकरी, बँकेतले कर्ज यांची स्थिती सरकारी आकड्यांतून देशापुढे मांडणारी ती समिती याच न्यायमूर्तींची. निवृत्तीनंतर ते पीयूसीएलचे अध्यक्ष झाले. आपल्याला ते 2006 मध्ये भेटले. त्यांची वाट 1984 च्या त्या नोटिशीवरून आलेली होती.

त्याच हिवाळ्यात आणखी एक चौकशी झाली. माजी सरन्यायाधीश एस. एम. सिक्री यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांचा एक आयोग बसला आणि त्याने जानेवारी 1985 मध्ये अहवाल दिला. सदस्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते, म्हणजे 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नातू. आयसीएस अधिकारी, राजदूत, अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू अशी त्यांची कारकीर्द. हे सारे प्रस्थापित, सरकारात वरच्या पदांवर राहिलेले लोक होते. तारकुंडे यांच्या सिटिझन्स फॉर डेमोक्रसी या संघटनेनेही वेगळा अहवाल काढला. पीयूडीआरच्या पोरांवर सरकार अतिडावे म्हणून शिक्का मारू शकत होते. माजी सरन्यायाधीशावर तो मारणे अवघड होते. पुस्तिकेतल्या गोष्टी निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या वाटेने जाऊन पाहिल्या आणि चित्र बरेचसे तेच निघाले, हे त्या काही महिन्यांचे मोठे फळ होते.

उन्हाळा : आयोग आणि कायदा

सहा महिने सरकार चौकशी नको म्हणत होते. एप्रिल 1985 च्या अखेरीस, पंजाबशी बोलणी करायची वेळ आली तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांचा आयोग नेमला गेला. चौकशी बंद दाराआड झाली. पीडितांची बाजू मांडण्यासाठी सिक्री, तारकुंडे, कोठारी आदींनी नागरिक न्याय समिती स्थापली होती. ती कामकाजाच्या या पद्धतीला कंटाळून मार्च 1986 च्या अखेरीस बाहेर पडली. आयोगाचा अहवाल फेब्रुवारी 1987 मध्ये संसदेत आला. पोलिसांना दोष दिला होता. पक्ष म्हणून काँग्रेस मोकळी होती.

मिश्रा हेही नाव आपल्या ओळखीचे. मुसलमानांना नोकऱ्यांत 10 टक्के आरक्षण द्या, अशी शिफारस 2007 मध्ये करणारा रंगनाथ मिश्रा आयोग तो यांचाच. मराठी मुसलमानांच्या प्रत्येक आरक्षण परिषदेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. दिल्लीतल्या 1984 च्या विधवांच्या मनात तेच नाव वेगळ्या अर्थाने राहिले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मे 1985 मध्ये दिल्लीत आणि आसपास ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले. दोन आठवड्यांच्या आत संसदेने टाडा मंजूर केला. दोन वर्षांसाठी, पंजाबपुरती गरज म्हणून. 1987 मध्ये तो नव्या रूपात आला, तेव्हा पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालू लागला. नागरी हक्कांच्या संघटना पहिल्यापासून ओरडत होत्या की हा कायदा पंजाबात राहणार नाही. त्या वेळी कोण ऐकणार? शिखांचा प्रश्न होता.

पुढचे आपल्याला माहीत आहे. दहशतवादाचा मागमूस नसलेल्या गुजरातेत हजारो लोक टाडाखाली आत गेले. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत टाडा हा घरगुती शब्द झाला. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलीतल्या मारेकऱ्यांना साधा फौजदारी कायदा, मार्चच्या स्फोटांना टाडा, हा फरक तेव्हाच्या मुलांनाही कळत होता. 1995 मध्ये कायदा संपू द्यावा म्हणून खासदारांना पत्र लिहिणारे होते राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे पहिले अध्यक्ष, म्हणजे पुन्हा न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा. त्या मे महिन्यात टाडा संपला. दहा वर्षांपूर्वी तो शिखांसाठी येत होता तेव्हा आपल्या किती संघटनांनी विरोधाचा ठराव केला होता? जुन्या मराठी आणि उर्दू अंकांत मी असा ठराव शोधतो आहे. अजून हाती लागलेला नाही.

31 जुलै

या वर्षातला सर्वांत अवघड दिवस हा आहे आणि या संघटनेचे कौतुक करणारे बहुतेक लेख तो ओलांडून पुढे जातात.

31 जुलै 1985 रोजी खासदार ललित माकन यांना दिल्लीत त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून मारण्यात आले. पत्नी गीतांजलीही गेल्या. त्या शंकर दयाळ शर्मा यांच्या कन्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला दिल्लीचे आणखी एक काँग्रेस पुढारी अर्जुन दास मारले गेले. दोघांचीही नावे पुस्तिकेत होती. मारणारे शीख अतिरेकी होते आणि नोव्हेंबर 1984 चा सूड हाच त्यांचा हेतू मानला गेला.

तर मग यादी छापणे बरोबर होते का?

मी यावर बराच विचार केला आहे, कारण हा प्रश्न फक्त दिल्लीचा नाही. आपल्याकडेही दंगलीनंतर नावे फिरतात. आता तर फोनवर फिरतात, फोटोसकट. पुस्तिकेतली यादी आणि फोनवरची यादी यांत फरक काय? एक फरक असा की पुस्तिकेवर छापणाऱ्यांची नावे होती. आम्ही जबाबदार आहोत, खोटे असेल तर आमच्यावर खटला भरा, असा तिचा अर्थ. दुसरा असा की तिची मागणी चौकशीची होती आणि ती चौकशी करणाऱ्या यंत्रणेलाच उद्देशून होती. नावांना कोर्टाचे दार मिळावे म्हणून ती छापली गेली. सरकारने नऊ महिने ते दार बंद ठेवले. त्या नऊ महिन्यांत यादीतली एकही मोठी व्यक्ती कोर्टापुढे उभी राहिली नाही. बंद दाराबाहेर बंदुकवाले थांबलेलेच असतात.

तरीही माकन यांना मारण्याचे समर्थन यातून होत नाही. त्यांच्यावरचा आरोप कोर्टात सिद्ध झालेला नव्हता. आता कधीच होणार नव्हता. गीतांजली यांच्यावर तर आरोपही नव्हता. मारेकऱ्यांनी पीडितांचा खटलाही मारून टाकला. यादीतले नाव आरोपी असते, गुन्हेगार नसते, ही रेघ पुसली की हक्कांचे काम आणि टोळीचे काम यांत अंतर उरत नाही.

या सुडाची वाट पुढे आपल्या पुण्यात आली. माकन यांच्या मारेकऱ्यांपैकी हरजिंदरसिंग जिंदा याने सुखदेवसिंग सुखाबरोबर 10 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना भररस्त्यात मारले. सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या वेळी वैद्य लष्करप्रमुख होते. त्या दिवशी महाराष्ट्राचे राज्यपाल होते शंकर दयाळ शर्मा, ज्यांची मुलगी आणि जावई वर्षभरापूर्वी गेले होते. दोघा मारेकऱ्यांना 9 ऑक्टोबर 1992 रोजी येरवड्यात फाशी झाली. तोपर्यंत शर्मा राष्ट्रपती झाले होते. जनरल वैद्यांच्या खुन्यांना सहा वर्षांत फाशी होते आणि त्रिलोकपुरीच्या खुन्यांसाठी तारीखही मिळत नाही, हा हिशेब त्या काळच्या शिखांनी मनात केला असणार. सहा महिन्यांतच असाच एक हिशेब मुंबईत आपल्यालाही करावा लागला.

वर्षाच्या अखेरीस

1985 संपताना संघटनेच्या हाती काय होते? फेटाळलेली याचिका. बंद दाराआड चाललेला आयोग. विरोध करूनही मंजूर झालेला टाडा. एकही मोठा आरोपी तुरुंगात नाही. संस्थेचा वार्षिक अहवाल म्हणून पाहिले तर हे अपयशाचे वर्ष होते.

हाती होती ती पुस्तिका. ती विकली जात राहिली, वाचली जात राहिली. 1987 मध्ये अधिकृत आकडा ठरला. 2000 मध्ये नानावटी आयोग नेमला गेला, 2005 मध्ये त्याचा अहवाल आला. त्याच ऑगस्टमध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी राज्यसभेत माफी मागितली. भगत त्याच वर्षी वारले, शिक्षेवाचून. आणि 17 डिसेंबर 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्जन कुमार यांना राजनगरमधल्या पाच शिखांच्या हत्येबद्दल जन्मठेप दिली. त्यांचेही नाव 1984 च्या त्या यादीत होते. मध्ये 34 वर्षे गेली. ही शिक्षा पुस्तिकेमुळे झाली असे मी म्हणत नाही. ती झाली काही बायकांच्या चिवट साक्षीमुळे. पण त्या साक्षी पहिल्यांदा कोणीतरी खऱ्या मानून लिहून घेतल्या होत्या, म्हणून त्यांना कोणाला सहज खोटे पाडता आले नाही.

त्या निकालात न्यायमूर्ती एस. मुरलीधर आणि विनोद गोयल यांनी मुंबई 1993, गुजरात 2002, कंधमाळ, मुजफ्फरनगर यांचा उल्लेख केला. अल्पसंख्याकांना लक्ष्य करायचे, प्रबळ राजकीय लोकांनी पुढे व्हायचे, पोलिसांनी सोय करून द्यायची, हा नमुना एकच आहे असे न्यायालय म्हणाले. याच दोन न्यायमूर्तींनी दीड महिना आधी, 31 ऑक्टोबरला, मेरठच्या हाशिमपुऱ्यातल्या मुसलमानांना 1987 मध्ये उचलून नेऊन मारणाऱ्या पीएसीच्या 16 जवानांना जन्मठेप दिली होती.

मुंबईत 1993 मध्ये काय झाले? लोकशाही हक्क संघटना आणि सीपीडीआर यांची पथके दंगलीनंतर वस्त्यांत फिरली आणि त्यांनी अहवाल काढला. न्यायमूर्ती दाऊद आणि न्यायमूर्ती सुरेश या दोन निवृत्त न्यायाधीशांनी लोकांची साक्ष घेऊन आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मग श्रीकृष्ण आयोग. 502 साक्षीदार, मध्येच आयोग गुंडाळण्याचा प्रयत्न, आणि 1998 मध्ये अहवाल : 900 मृत, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू, 31 पोलिसांवर ठपका. पुढे काय झाले ते सांगायला नको. दिल्लीचाच नमुना.

श्रीकृष्ण अहवालाबद्दल आपण दरवर्षी डिसेंबरात लेख लिहितो, निवेदने देतो. ते केलेच पाहिजे. पण दिल्लीतल्या त्या वर्षाने मला दोन कामे सुचवली आहेत आणि ती आपल्या हातातली आहेत. पहिले, लिहून ठेवणे. भिवंडी, जळगाव, मालेगाव, धुळे, मुंबई, सगळीकडे पाहणारी माणसे आता साठी-सत्तरीत आहेत. तारीख, वेळ, गल्ली, कोण आले, कोणी वाचवले, हे त्यांच्याकडून कोणी लिहून घेतले आहे? वाचवणाऱ्यांची नावेही लिहायला हवीत. ती तर आणखी लवकर विसरली जातात.

दुसरे काम अधिक जड आहे. दिल्लीत शिखांच्या छावण्यांत वही घेऊन जाणाऱ्या संघटनेचा त्या समाजाशी रक्ताचा किंवा धर्माचा संबंध नव्हता. म्हणून त्यांच्या लिहिण्याला वजन होते. मुसलमानांच्या संघटना मुसलमानांवरच्या अन्यायाची चौकशी करतात, ती गरजेची असते, पण ती पुरत नाही. दलित वस्ती पेटवली जाते, ख्रिस्ती प्रार्थनागृहावर हल्ला होतो, ऊसतोड मजुराला मुकादम डांबून ठेवतो, भटक्या जमातीतला पोरगा पोलीस कोठडीत मरतो. तिथे जाणाऱ्या पथकात आपला किती सहभाग असतो? सच्चर आपल्याकडे आले ते मुसलमानांचे म्हणून आले नव्हते. नोव्हेंबर 1984 मध्ये ज्यांनी शिखांची बाजू ऐकली त्यांच्यापैकी ते एक होते, आणि पुढे आपलीही ऐकली.

संघटना अजून आहे. अजून छोटी आहे, अजून पुस्तिका विकते. 'दोषी कोण?' ही पुस्तिकाही मिळते. इंग्रजी साधी आहे, दोन तासांत वाचून होते. तिचे मराठी भाषांतर मी सुरू केले आहे. परिशिष्टातल्या नावांपर्यंत पोहोचलो आहे. ती वाचताना माझी पेन्सिल नावांपेक्षा जास्त वेळ त्यांच्यासमोर लिहिलेल्या वस्त्यांवर थांबते. त्या वस्त्यांत लोक अजून राहतात, सांगणारेही आणि ज्यांची नावे सांगितली गेली तेही.